मडी वॉटर्स, 'ॲट न्यूपोर्ट १९६०' : एका मोडत्या मांडवातला इलेक्ट्रिक ब्लूज

माळरान

गेल्या आठवड्यात 'ब्लूज ऐकायला कुठून सुरुवात करावी' असं कुणीतरी विचारलं (ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं), तेव्हा मी एवढंच लिहून गेलो होतो : मडी वॉटर्स, 'ॲट न्यूपोर्ट १९६०', ही भर कार्यक्रमात झालेली रेकॉर्ड. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं की त्याच्या स्टुडिओतल्या इतक्या चांगल्या रेकॉर्डी असताना हीच का. एका ओळीत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

आधी त्या दुपारबद्दल. न्यूपोर्ट हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं समुद्रकाठचं श्रीमंतांचं गाव. जॉर्ज वाइन १९५४पासून तिथे जॅझचा महोत्सव भरवत होता. १९६०मध्ये शनिवारी, २ जुलैच्या रात्री, आत जायला न मिळालेले हजारो तरुण, महोत्सव भरायचा त्या फ्रीबॉडी पार्कबाहेर जमले. बहुतेक कॉलेजातले, आणि बरेच प्यायलेले. दंगा उसळला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले, शेवटी नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. नगर कौन्सिलने उरलेला महोत्सव रद्द केला. रविवारी दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ द्यायचा, आणि मग सगळ्यांनी घरी जायचं, असं ठरलं. मडी वॉटर्सचा बँड मंचावर चढला तेव्हा मांडव असा मोडायला निघालेला होता.

मडी वॉटर्सचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबणारा माणूस. १९४१ साली ॲलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत तिथे पोचला आणि त्याने मडीचं गाणं रेकॉर्ड केलं. स्वतःचा आवाज यंत्रातून परत ऐकल्यावर मडीला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमतं. १९४३मध्ये तो आगगाडीने शिकागोला गेला. तिथल्या दक्षिण भागात दक्षिणेतून आलेली हजारो काळी माणसं कारखान्यांत काम करत होती, आणि रात्री ज्या गुत्त्यांमध्ये बसत होती तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच येत नसे. म्हणून त्याने वीज घेतली. इलेक्ट्रिक ब्लूज जन्मला तो असा, पोटापाण्याच्या गरजेतून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा आवाज मोठा आहे कारण तो ऐकणाऱ्या माणसांच्या बोलण्यावर चढून गायचा होता.

आता बँड. पियानोवर ओटिस स्पॅन, गिटारवर पॅट हेअर, माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन, ड्रम्सवर फ्रान्सिस क्ले. यांच्याखाली बास. मडी स्वतः गिटार फार कमी वाजवतो, तो गातो. ही मंडळी शिकागोत ३५व्या रस्त्यावरच्या स्मिटीज कॉर्नरमध्ये रात्र-रात्र वाजवणारी. एकमेकांचा श्वास ओळखणारी. समोर होते जॅझ ऐकायला आलेले, बहुतांशी गोरे लोक, ज्यांतल्या अनेकांनी हे असं संगीत या जोरात कधी ऐकलेलं नसावं.

आणि मडीने काय केलं? सुरुवात केली ती नुकत्याच रेकॉर्ड केलेल्या नव्या गाण्याने. 'आय गॉट माय ब्रँड ऑन यू' हे त्यांनी जून १९६०मध्ये, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी, शिकागोत रेकॉर्ड केलं होतं. 'टायगर इन युअर टँक'ही तसंच. अनोळखी लोकांसमोर हमखास टाळीचं गाणं आधी टाकण्याचा मोह त्याने टाळला. दुसऱ्या क्रमांकावर 'हूची कूची मॅन' येतं, तेव्हा लोक वळून बघायला लागलेत हे रेकॉर्डवर ऐकू येतं.

मग येतं 'गॉट माय मोजो वर्किंग'. मोजो म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या मंत्रतंत्रातला ताईत, जडीबुटीची छोटी पुरचुंडी. गाणारा म्हणतो, माझा ताईत सगळ्यांवर चालतो, फक्त तिच्यावर चालत नाही. हे गाणं मूळ ॲन कोल या गायिकेचं. १९५६मध्ये ती मडीच्या बँडबरोबर दौऱ्यावर होती, तिथे त्याने ते ऐकलं आणि त्याच वर्षाअखेर चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीसाठी स्वतः रेकॉर्ड केलं. ती स्टुडिओतली तबकडी चांगली आहे. पण न्यूपोर्टला क्ले जी लय धरतो ती ऐकल्यावर स्टुडिओतली पावलं जड वाटतात. गाणं संपतं, लोक सोडत नाहीत, आणि बँड तेच गाणं पुन्हा उचलतो. रेकॉर्डवर दोन्ही आहेत, भाग १ आणि भाग २. सरकारी माहिती खात्यासाठी त्या वेळी चित्रीकरण झालं होतं, त्यात मडी जेम्स कॉटनला धरून मंचावर नाचतो. कॉटनला दोनच दिवसांपूर्वी, १ जुलैला, पंचविसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

शेवटच्या गाण्याबद्दल मी मुद्दाम आत्ता लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आधी ऐका. सगळी मिळून साधारण ३३ मिनिटं आहेत.

---

काळी_पाच

माळरान, तुमचं वाचून काल रात्री ऐकली. मला ब्लूजमधलं काही कळत नाही, मी भजनात पेटी वाजवते. पण 'मोजो'ला माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. मडी ओळ टाकतो आणि मागून बाकीचे तीच ओळ उचलतात, ते तर आमचंच. बुवांनी टाकायची, टाळकऱ्यांनी झेलायची, आणि दर खेपेला थोडी वर चढवायची. भाग २ का लागला तेही मला लगेच समजलं. गजर रंगला की बुवा थांबले तरी टाळ थांबत नाहीत.

एक विचारायचं होतं. त्याचा गंधार कोमल आहे की शुद्ध? मी पेटीवर शोधत बसले, दोन्ही पट्ट्यांवर तो बसेना.

---

माळरान

ताई, बसणारच नाही. दोन्हींच्या मधली जागा आहे ती. खाली पियानो शुद्ध गंधार धरून असतो आणि गाणारा कोमलाकडून वर सरकत जातो, पुष्कळदा पोचतच नाही. त्या घासण्यातच ब्लूजचा सगळा जीव आहे. पियानोवर मधली पट्टी नसते म्हणून ओटिस स्पॅन काय करतो ऐका : दोन्ही स्वर जवळजवळ एकत्र चिरडतो, कोमलावरून बोट शुद्धावर घसरवतो. पेटीवर तुम्हालाही करता येईल.

---

दादरकर

धागा चांगला आहे, पण मी मतभेद नोंदवतो. इलेक्ट्रिक ब्लूजची एकच लाइव्ह रेकॉर्ड सांगायची तर ती गायक-गिटारवादक बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल'. २१ नोव्हेंबर १९६४, शिकागोचं रीगल थिएटर. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००५मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिला घेतलं ते उगीच नाही.

माझा मुद्दा श्रोत्यांचा आहे. रीगलमध्ये समोर बसलेले लोक किंगचे स्वतःचे लोक होते. 'स्वीट लिटल एंजल'मध्ये तो गिटारचा एक स्वर ताणतो आणि बायकांच्या किंकाळ्या उठतात. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट'मध्ये गाऱ्हाण्यांची यादी वाढत जाते आणि शेवटच्या ओळीला थिएटर फुटतं, कारण प्रत्येकाला ती ओळ आधीच ठाऊक आहे आणि तरी वाट बघायची आहे. हे ओळखीतून येतं. न्यूपोर्टचे लोक खूश झाले, पण ते पाहुणे होते. अनोळखी माणसाला प्रथमच आवडणं आणि घरच्या माणसाने पन्नासाव्यांदा दाद देणं, यात दुसरी दाद जास्त खोल असते.

---

माळरान

दादरकर, रीगल मलाही प्रिय आहे आणि तिथल्या श्रोत्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः पटतं. पण त्याच कारणाने मी नवख्याला न्यूपोर्ट सांगतो. रीगलमध्ये लोकांना यायचं तिथे ते आधीच पोचलेले आहेत. न्यूपोर्टला ते पोचताना ऐकू येतात. पहिल्या गाण्यानंतरची टाळी आणि 'मोजो'नंतरची टाळी एकापाठोपाठ लावून बघा. अर्ध्या तासात ते परके उरलेले नाहीत.

आणि दुसरं. रीगल ही एका माणसाची रेकॉर्ड आहे, बाकीचे त्याला उचलून धरतात. न्यूपोर्ट बँडची आहे. मडी गात असताना स्पॅन एक क्षणही नुसती साथ करत नाही, तो उलट बोलत असतो. पियानोचा डावा हात झाकून, म्हणजे मनातून वजा करून, 'सून फरगॉटन' ऐकायचा प्रयत्न करा. गाणं उभंच राहत नाही.

---

फुंकर

माउथ ऑर्गनवर कुणी लिहिणार की नाही याची वाट पाहत होतो, शेवटी मीच लिहितो. बारा वर्षं वाजवतोय, शिकवतोही.

आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना. कॉटन जो वाजवतो तो दहा भोकांचा छोटा हार्प आहे आणि तो 'चुकीच्या' पट्टीत वाजवायचा असतो. गाणं 'ई'मध्ये असेल तर हातात 'ए'चा हार्प घ्यायचा. असं केलं की महत्त्वाचे स्वर फुंकण्यावर न येता श्वास आत ओढण्यावर येतात, आणि ओढलेला स्वर जिभेने आणि घशाने खाली वाकवता येतो. म्हणून तो रडल्यासारखा, बोलल्यासारखा वाटतो. याला क्रॉस हार्प म्हणतात. त्यावर वीज : हार्प आणि माइक एकाच ओंजळीत घट्ट धरायचे, आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून बाहेर काढायचा. मडीच्याच बँडमधल्या लिटल वॉल्टरने हे तंत्र जिथे नेऊन ठेवलं तिथून पुढे सगळे निघाले. १९५४च्या मूळ 'हूची कूची मॅन'वर हार्प त्याचा आहे.

त्याच्या जागी उभं राहणं कॉटनला सोपं नव्हतं. बँडमध्ये आल्यावर वॉल्टरचे तुकडे जसेच्या तसे वाजवावेत अशी अपेक्षा असायची. सनी बॉय विल्यमसन नावाचे दोन हार्पवाले होऊन गेले. कॉटनची मूळ तालीम त्यांतल्या दुसऱ्याकडची, अगदी लहानपणी त्याच्यासोबत राहून घेतलेली. वॉल्टर नक्षी काढतो, कॉटन छातीतून ढकलतो. न्यूपोर्टला त्याने वॉल्टरची सावली टाकून दिली आहे. 'मोजो'मधला त्याचा भाग माझ्या विद्यार्थ्यांना मी शेवटच्या टप्प्यावर देतो, कारण स्वर सोपे आहेत पण त्या लयीत श्वास पुरत नाही. ओढायच्या स्वरांची एवढी गर्दी आहे की छाती भरून येते आणि सोडायला जागा मिळत नाही. ती जागा शोधणं हीच खरी शिकवणी.

---

एकतारी

पॅट हेअरबद्दल लिहावंसं वाटतं, जरी ते सोपं नाही.

रेकॉर्डवर जी खरखरीत, कडेला फाटलेली गिटार ऐकू येते ती त्याची. १९५४ साली मेम्फिसच्या सन कंपनीसाठी जेम्स कॉटनने 'कॉटन क्रॉप ब्लूज' गायलं, त्यात हेअरने ॲम्प इतका ताणून वाजवला आहे की पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या रॉकचा आवाज तिथे आधीच ऐकू येतो. म्हणजे न्यूपोर्टला हेअर आणि कॉटन एकत्र उभे होते ते जुने सोबती.

डिसेंबर १९६३मध्ये मिनिआपोलिसमध्ये त्याने आपल्या मैत्रिणीला आणि घरी आलेल्या पोलिसाला गोळ्या घालून मारलं. जन्मठेप झाली. १९८०मध्ये तो कैदेत असतानाच कर्करोगाने गेला.

मी हे कळल्यावर काही वर्षं ही रेकॉर्ड ऐकलीच नाही. मग परत आलो. त्याच्या वाजवण्याने त्या बाईचा जीव जरासुद्धा हलका होत नाही. तरीही 'हूची कूची'मध्ये बँड ठोका देऊन गप्प होतो आणि पुन्हा ठोका देतो, त्या ठोक्यात त्याची तार आहे, ती काढता येत नाही. दोन्ही गोष्टी मला ठाऊक असतात आणि मी ऐकतो. ज्यांना ऐकवणार नाही त्यांचंही मला पटतं.

---

काळी_पाच

एकतारी, हे लिहिलंत ते बरं झालं. मला माहीत असणं हवं होतं.

---

सरोवरकाठ

शिकागोत एकोणीस वर्षं राहते आहे, त्यामुळे दादरकर आणि माळरान दोघांसाठी थोडं.

रीगल थिएटर आता नाही. ४७व्या रस्त्यावर होतं, १९७३मध्ये पाडलं. त्या जागी आज हॅरल्ड वॉशिंग्टन सांस्कृतिक केंद्र उभं आहे. चेस कंपनीची २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूची इमारत मात्र शाबूत आहे. तिथे विली डिक्सनच्या नावाचं प्रतिष्ठान आहे. विली डिक्सन म्हणजे 'हूची कूची मॅन' आणि 'टायगर इन युअर टँक' लिहिणारा. वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत मी उभी राहिले होते तेव्हा खोलीचा लहानपणा बघून चकित झाले. मडीचं लेक पार्क ॲव्हेन्यूवरचं लाल विटांचं घर २०२१पासून संरक्षित वास्तू आहे. आणि शहराच्या अगदी मध्यात, स्टेट स्ट्रीटवर, त्याचं कित्येक मजली उंच भित्तिचित्र आहे, २०१६ सालचं. माझी मुलगी लहान असताना त्याला 'ते गिटारवाले आजोबा' म्हणायची.

मुखपृष्ठाबद्दल एक गंमत कुणी सांगितली नाही. त्या फोटोत मडीच्या हातात जी गिटार आहे ती त्याची नाही, ब्लूज गाणाऱ्या जॉन ली हुकरची आहे. मडी टेलिकास्टर जातीची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. हुकरही त्याच दुपारच्या कार्यक्रमात होता. फोटोच्या वेळी जी हाताशी आली ती मडीने उचलली.

---

पहाटफुटी

मी याआधी ब्लूज ऐकलेला नाही. २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा मैत्रीण ओढून घेऊन गेली होती, शिकागोचा गिटारवादक बडी गाय होता. तेव्हा आवडलं होतं, पण घरी येऊन काय ऐकायचं ते कळलं नाही. मग राहूनच गेलं.

न्यूपोर्ट दोनदा ऐकलं. खरं सांगते, पहिल्यांदा कच्चं वाटलं. गाणी आखूड आहेत, काही ठिकाणी आवाज एकमेकांत मिसळतात. दुसऱ्यांदा माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त पियानो धरून ऐकलं आणि चित्र एकदम उघडलं. 'आय फील सो गुड' तर मी नंतर आणखी चारदा लावलं.

बडी गायचा आणि मडीचा काही संबंध आहे का?

---

माळरान

थेट संबंध आहे. १९६३च्या सप्टेंबरमध्ये मडीने 'फोक सिंगर' नावाची विजेशिवायची रेकॉर्ड केली, त्यात दुसरी गिटार तरुण बडी गायची आहे. मेहबूब स्टुडिओत तुम्ही ज्यांना ऐकलंत ते मडीच्या शेजारी बसून वाजवलेले गृहस्थ होते.

'आय फील सो गुड' तुम्हाला आवडलं याचा आनंद वाटला, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही. ते बिग बिल ब्रून्झीचं गाणं. मडी शिकागोत नवखा असताना ब्रून्झीने त्याला हात दिला होता, आणि तो १९५८मध्ये गेला. मडीने नंतर त्याच्या गाण्यांची एक अख्खी रेकॉर्ड केली, ती १९६०मध्येच बाहेर आली. न्यूपोर्टला तो जे गातो आहे ते उपकाराची आठवण ठेवून गातो आहे, असं मला नेहमी वाटतं. पण चेहरा लांब करून नाही. नाचायला लावतो.

पुढे ऐकायचं तर १९७७ची 'हार्ड अगेन' घ्या. गिटारवादक जॉनी विंटरने तिची निर्मिती केली, कॉटन तिथेही आहे. स्टुडिओतली असूनही मागून लोक ओरडत असतात, ते ऐकून मैफलीत बसल्यासारखं वाटतं.

---

दादरकर

मी काल रात्री दोन्ही पुन्हा ऐकल्या, आधी न्यूपोर्ट, मग रीगल. माझं मत रीगलकडेच आहे. पण टाळ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य करतो. 'मोजो'च्या आधी आणि नंतर ती वेगवेगळी माणसं आहेत.

शेवटच्या गाण्याबद्दल आता लिहा. थांबलोय.

---

पहाटफुटी

त्याआधी मला एक विचारू दे. शेवटचं गाणं मडी गातच नाहीये ना? मला तिसऱ्यांदा ऐकताना शंका आली. आवाज जास्त घोगरा आहे, आणि थकलेला.

---

माळरान

बरोबर ओळखलंत. तो ओटिस स्पॅन.

त्या दुपारच्या कार्यक्रमाचं निवेदन लँग्स्टन ह्यूजकडे होतं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीचा कवी, 'द वेअरी ब्लूज' हा त्याचा पहिला संग्रह १९२६चा. ब्लूजचे बारा बार (म्हणजे मात्रांची बारा आवर्तनं), तीन ओळी, पहिलीच पुन्हा दुसरी, हा साचा त्याने छापील कवितेत आणला होता. महोत्सवाच्या मंडळावरही तो होता. महोत्सव बंद होणार हे कळल्यावर त्याने तिथल्या तिथे, तारेच्या, म्हणजे टेलिग्रामच्या, कोऱ्या फॉर्मवर, निरोपाचं एक ब्लूज लिहून काढलं. 'गुडबाय न्यूपोर्ट ब्लूज'. मडी 'मोजो' दोनदा गाऊन दमला होता. कागद स्पॅनच्या हातात गेला आणि त्याने तो पियानोवर बसून गायला.

म्हणजे चौतीस वर्षं कागदावर ब्लूज लिहिणाऱ्या माणसाचे शब्द, शाई वाळायच्या आत, खऱ्या ब्लूज गाणाऱ्याच्या तोंडी गेले. आणि तालीम शून्य. स्पॅन ओळी जपून टाकतो, कारण तो त्या वाचतो आहे. त्याने जी संथ लय धरली आहे ती ऐका. मघाशी नाचणारे लोक आता उठून जायचे आहेत, आणि पुढच्या वर्षी हे होईल का ते कुणालाच माहीत नाही. वाइनचा महोत्सव १९६१मध्ये झालाही नाही, तो १९६२मध्ये परतला.

ऑगस्ट १९६०मध्ये स्पॅनने न्यूयॉर्कला स्वतःच्या नावाची रेकॉर्ड केली, 'ओटिस स्पॅन इज द ब्लूज'. रॉबर्ट लॉकवूडची गिटार आणि त्याचा पियानो, बस. न्यूपोर्टनंतर लगेच ती ऐकावी. १९७०मध्ये तो गेला.

---

काळी_पाच

तारेच्या फॉर्मवर. वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आत्ता ते गाणं लावलंय. पेटीवर दोन्ही गंधार चिरडून बघितले, जमतंय थोडं थोडं.

---

सरोवरकाठ

स्पॅनची कबर इथे शिकागोजवळ, ॲल्सिपच्या बर ओक दफनभूमीत आहे. जवळजवळ तीस वर्षं तिच्यावर नावाचा दगडही नव्हता. ब्लूजच्या चाहत्यांनी वर्गणी काढून १९९९मध्ये तो बसवला. माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे आणि मी एकदाही गेलेली नाही. या ३ जुलैला जाऊन येते, फोटो इथेच टाकते.

---

फुंकर

नक्की टाका. आणि जमलं तर दगडावर काय कोरलंय तेही लिहा.